दिवसातून दोनदा बुडणारा रस्ता

लेकीनं गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "आण्णा, इथून पुढं रस्ता समुद्रात जातो."

मी तिच्या शेजारच्या सीटवर होतो. आमची ही मागं शाल गुंडाळून बसली होती. समोर साधा डांबरी रस्ता दिसत होता, आपल्या गावाकडं असतो तसाच अरुंद. कडेला मोठा फलक होता. त्यावर एका मोटारीचा फोटो लावलेला, खिडक्यांपर्यंत पाण्यात बुडालेली. खाली तारखा आणि वेळा छापल्या होत्या. या वेळेपासून या वेळेपर्यंत जा, नंतर जाऊ नका. पलीकडं, दीड-दोन कोसांवर, ओल्या वाळूच्या पार एक बेट दिसत होतं. त्याच्या टोकाला एक खडक, खडकावर एक लहानसा किल्ला.

"पाणी कुठाय?" मी विचारलं.

"गेलंय. बारा वाजता परत येईल."

मी घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते.

मी तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होतो. त्यातली बरीचशी भोरहून हिर्डोशीवरून वरंधा घाटात आणि खाली महाडला गाडी नेण्यात गेली. दरड कोसळून बंद झालेले रस्ते पाहिले, पुरानं खचलेले पाहिले. पण दिवसातून दोनदा बुडणारा आणि दोनदा वर येणारा रस्ता कधी ऐकलाही नव्हता. लेक विलायतेच्या उत्तरेला एका शहरात नर्स आहे. जावईबापूंना रजा मिळाली नाही, म्हणून आम्हा दोघांना घेऊन ती एकटीच चार दिवसांच्या सुट्टीला निघाली होती. "एक बेट दाखवते," एवढंच म्हणाली होती. बेट म्हटल्यावर बोटीनं जायचं, असं मी धरून चाललो होतो.

गाडी पुढं निघाली. दोन्ही बाजूंना वाळू, मधूनमधून पाण्याची डबकी. डांबरावर हिरवं शेवाळ, तुटलेल्या शेवाळाच्या दोऱ्या, एके ठिकाणी शिंपले. मी लेकीला थांबायला लावलं. खाली उतरून डांबराला हात लावला. ओलं होतं, खारट वास येत होता, आणि खड्डा म्हणून कुठं नव्हता.

"काय बगताय?" हिनं काच खाली करून विचारलं.

"अगं, रोज दोनदा खारं पाणी खातोय हा रस्ता. तरी बघ."

"मग आपल्याकडं न्या त्येला," ही म्हणाली आणि काच वर केली. तिला थंडी वाजत होती. जून महिना होता, पण वारा असा की कानात सुई घातल्यासारखं वाटावं.

मध्यावर, रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर एक पांढरी लाकडी खोली होती, वर चढायला शिडी. शेतात राखणीला माळा घालतात तशी. मी लेकीला विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "वेळ चुकलेल्या माणसांसाठी."

बेटावरची वस्ती भोरातल्या एका आळीएवढी. दगडी घरं, बुटक्या भिंती, मेंढरं, आणि समुद्राकाठी उलट्या घातलेल्या अर्ध्या होड्या. होडी मधोमध कापून पालथी घातलेली, कापलेल्या बाजूला दार बसवलेलं, आत कोळ्यांची जाळी आणि सामान. झाडं मात्र जवळजवळ नाहीतच, वारा उभं राहू देत नाही. हिनं गाडीतून उतरल्या उतरल्या चौफेर पाहिलं आणि मला म्हणाली, "उद्या वटपौर्णिमा. हितं वड कुठनं आनू?" लेकीनं मोबाईलवर वडाचं चित्र काढून दाखवलं तर ही खरंच चिडली.

आम्ही जिच्या घरी उतरलो ती सत्तरीच्या पुढची बाई होती. तिचा नवरा मासेमारी करायचा, तो गेल्यापासून ती वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. ताठ, बारीक, गालांवर वाऱ्यानं काढलेल्या लाल रेघा. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक तक्ता चिकटवलेला होता. मी जाऊन त्याच्यापुढं उभाच राहिलो. आमच्या स्टँडवर वेळापत्रकाचा बोर्ड असतो तसाच. रोज दोन वेळा बंद, दोन वेळा चालू, आणि दिवसागणिक पाऊण तास पुढं सरकत गेलेला. वर्षभराचा हिशोब आधीच छापून ठेवलेला.

"हे कोण ठरवतं, विचार तिला," मी लेकीला म्हणालो.

लेकीनं विचारलं. म्हातारी हसली आणि बोटानं छताकडं दाखवलं. "चंद्र," लेक म्हणाली.

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. महाडच्या स्टँडवर एका कोळ्यानं मला कधीकाळी गणित शिकवलं होतं, तिथीला पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे सव्वाअकरा. मी मनात हिशोब केला. तक्त्यात दुसऱ्या दिवशीची भरती अडीचला होती. म्हणजे कोकणातलं गणित इथं सव्वातीन तासांनी चुकत होतं, पण रोजचं पाऊण तास सरकणं तेच. हे मला त्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळलं आणि अंगावर काटा आला. हजारो कोसांवर तो एकच चंद्र दोन्हीकडचं पाणी ओढत होता, आणि महाडच्या त्या कोळ्याला आणि या म्हातारीला एकमेकांचा पत्ताही नव्हता.

बारा वाजायच्या आत मी हिला घेऊन वाळूच्या टेकडीवर जाऊन बसलो. खाली आमचाच रस्ता दिसत होता. मला वाटलं होतं, लाटा येतील, आवाज होईल. तसलं काही झालं नाही. दूरवर एक चमकती रेघ दिसली. मग डबक्यांना एकमेकांकडं वाटा फुटल्या. वाळूतल्या नाळी भरल्या. पाणी चालत नव्हतं, जणू जमिनीतूनच वर येत होतं. एक पक्षी वाळूच्या उंचवट्यावर उभा होता. त्याच्या भोवतीनं पाणी फिरलं, तसा तो उडाला आणि उंचवटा गेला. मग रस्त्याच्या एका खोलगट भागावर पातळ पापुद्रा पसरला. दोन्ही बाजूंचं पाणी रस्त्यावर येऊन एकमेकाला भेटलं. मी घड्याळ पाहिलं. बाराला तीन मिनिटं कमी होती.

तासाभरानं तिथं नुसता समुद्र होता. रस्ता होता असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं. मी कधी देवळात मुद्दाम जाऊन हात जोडणारा माणूस नाही. त्या टेकडीवर मात्र माझे हात आपोआप जुळले. हिनं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमेचा उपास होता, म्हणून ही सकाळपासून नुसत्या दुधावर होती. दुपारी आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो, या वेळी लेकही होती. रस्त्यावर पाणी चढून अर्धा तास झाला असेल. तेवढ्यात पलीकडून एक निळी मोटार येताना दिसली.

"थांबल ती," मी म्हणालो.

ती थांबली नाही. पाण्यात शिरली. पहिला पट्टा तिनं तुडवला, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे उडाले. दुसऱ्या, खोल पट्ट्यात तिचा वेग कमी झाला, आणि मग ती उभी राहिली. मला इकडं टेकडीवर बसून इंजिन बंद पडल्याचं पायाखाली कळलं.

"आण्णा, बसा," लेक म्हणाली. मी उठून उभा राहिलो होतो. उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत होतो.

लेकीनं फोन लावला. पण तिच्या आधीच कुणीतरी कळवलं होतं. मोटारीची दारं उघडली. एक पुरुष, एक बाई. मांडीएवढ्या पाण्यातून एकमेकांना धरत ते त्या पांढऱ्या खोलीपर्यंत पोचले, शिडी चढले. पाणी मोटारीच्या दिव्यांना लागलं, मग काचांना. घाई नाही, राग नाही. एखादी म्हैस डोहात बसते तशी ती मोटार सावकाश बसली. फक्त टप राहिला, आणि मग तोही गेला. ही सगळा वेळ पदर तोंडाशी धरून होती.

बचावाची बोट आली आणि दोघांना बेटावर घेऊन आली. परत जायचा रस्ता संध्याकाळपर्यंत बंद, म्हणून आमच्या म्हातारीनं त्यांना घरी आणलं. ती दोघं आमच्याच वयाची होती. बाई एवढी कुडकुडत होती की कप धरता येत नव्हता. ही पुढं झाली. आपल्या पिशवीतली खोबरेल तेलाची बाटली काढली, त्या बाईच्या पायांतले ओले मोजे ओढून काढले आणि जमिनीवर बसून तिचे तळवे चोळायला लागली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. ती बाई आधी दचकली. मग थोड्या वेळानं रडायला लागली, आणि ही चोळतच राहिली. "हुईल, हुईल, बरं हुईल," असं आपल्या बोलीत म्हणत.

तो माणूस माझ्यासमोर बसला होता. लेकीला काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणतो?

"म्हणतो, मला वाटलं, निघेल."

मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. एका श्रावणात, हिर्डोशीच्या अलीकडं ओढ्यावरच्या एका बुटक्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. गाडीत पंधरा-वीस माणसं. मला वाटलं, निघेल. मी गिअर टाकला आणि गाडी घातली. मधोमध मागचं चाक एकदा सरकलं होतं. माझी निघाली, एवढंच. ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या माणसाला सांगण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं, म्हणून मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं माझ्या हातावर आपला हात ठेवला.

संध्याकाळी रस्ता उघडला, तशी ती दोघं टॅक्सीनं गेली. जेवताना म्हातारी लेकीला काहीतरी सांगत होती. मोटारीचा रस्ता अलीकडचा. त्याच्या आधी माणसं वाळूवरूनच चालत यायची, शेकडो वर्षं. ती वाट अजून आहे, खांब रोवून दाखवलेली. ती स्वतः दर उन्हाळ्यात एकदा अनवाणी चालते. उद्या सकाळी जाणार आहे.

लेकीनं हे आम्हाला मराठीत सांगितलं. हिनं हातातला दुधाचा कप खाली ठेवला.

"म्या बी जानार."

"काय?" मी म्हणालो.

"तिच्यासंगं. चालत."

"आज बघितलं न्हाईस का काय झालं ते?"

"बगितलं की. त्यांनी टाइम मोडला. ही म्हातारी टाइमात जानार."

"टाइमाचं सोड. वाळूचा काय भरवसा?"

तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुमी पावसाळ्यात घाटात गाडी घालायचा. खाली दरी. म्या हिकडं पोरीला घिऊन वाट बगायची. मला कुनी इचारलं का कदी, तुला भरवसा वाटतुया का म्हून?"

लेकीनं मान खाली घातली. मी म्हातारीला खुणेनं सांगितलं, दोघं येऊ.

सकाळी सातला लेकीनं आम्हा तिघांना मोटारीच्या रस्त्यानं पलीकडं किनाऱ्यावर सोडलं आणि ती आमची वाट बघायला बेटावर परत गेली. हिनं लेकीचं जाड जाकीट साडीवरून घातलं होतं. चपला पिशवीत टाकल्या, ओचा वर खोचला. समोर खांबांची रांग. एक खांब, मग पुढचा, मग पुढचा, बारीक होत होत जिथं संपत होती तिथं बेट निळं दिसत होतं. म्हातारी काठी घेऊन पुढं झाली.

पहिलं पाऊल टाकलं आणि थंडी टाळूपर्यंत गेली. वाळू घट्ट होती. मग मऊ लागली, मग चिखल, काळा, घोट्यापर्यंत. एका नाळीत गुडघ्याएवढं वाहतं पाणी होतं. म्हातारीनं काठी घालून पाहिलं, मान हलवली आणि हिला हात दिला. हिनं मला हात दिला. असे आम्ही तिघं एका माळेत पार झालो. काल या वेळेनंतर चार-पाच तासांनी याच जागेवर मोटार बुडेल एवढं पाणी होतं, आणि आजही येणार होतं. मी सारखा मागं बघत होतो. ही एकदाही बघत नव्हती.

मधोमध आलो. दोन्ही किनारे सारखेच लांब. आभाळ एवढं मोठं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या डोंगरांत आभाळ नेहमी कशाच्या तरी टेकूवर असतं, तोरण्याच्या, राजगडाच्या, निदान एखाद्या टेकाडाच्या. इथं ते चारी बाजूंनी थेट वाळूपर्यंत उतरलं होतं, आणि ओल्या वाळूत पुन्हा खालीही होतं. आम्ही तिघं आभाळाच्या मध्ये कुठंतरी चाललो होतो.

म्हातारीनं हात वर केला. आम्ही थांबलो. वाऱ्यावर एक आवाज येत होता. लांब, चढता, उतरता. बायका लांबवर एकत्र गळा काढतात तसा, पण त्यात दुःख नव्हतं. म्हातारीनं बोट दाखवलं. दूर वाळूच्या पट्टीवर काळी-करडी शेकडो धुडं पडली होती. सील. ते गात होते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

ही खाली बसली. मला वाटलं, दमली. पण ती वाळूवर हात फिरवत होती. ओसरलेल्या पाण्यानं वाळूला बारीक वळ्या पडल्या होत्या.

"आमच्या तळाला अगदी असंच असतंय," ती म्हणाली.

"कुठल्या तळाला?"

"भाटघरच्या. मे म्हैन्यात पानी मागं गेलं की."

हिचं माहेर धरणाच्या फुगवट्यावरचं, हे मला ठाऊक होतं. इंग्रजांनी धरण बांधलं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं आणि लोक वर सरकले, हेही ऐकून होतो. त्यापुढं मी कधी विचारलं नव्हतं.

"माझा आजा मला घिऊन जायचा," ती सांगायला लागली. "म्या सा-सात वर्साची. गाळ वाळून त्येला भेगा पडल्याल्या आसायच्या. त्यो पुढं, म्या मागं. एका जाग्याला उबा ऱ्हायचा. म्हनायचा, हितं चूल. दोन पावलं टाकायचा, हितं गोठा. जोत्याचे दगुड दिसायचे, आन एक उखळ. उखळात हात घालून गाळ काढायचा. दर साली काढायचा. मला वाटायचं, आपन पान्याच्या खाली आलोय. वर मासं फिरत आसतील. म्या मान वर करून बगायची."

असं म्हणून तिनं खरंच मान वर केली. मीही केली. वर नुसतं आभाळ होतं, त्यात एक पांढरा पक्षी.

भाटघरच्या भिंतीवरून मी किती हजार वेळा नजर टाकली असेल. त्या पाण्याखाली माझ्या बायकोच्या आजोबांची चूल आहे, आणि तिथं ती लहानपणी चालून आलेली आहे, हे मला लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर, समुद्राच्या तळावर कळलं. मी तिच्याकडं पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला मफलर, जाकिटाच्या बाह्या बोटांच्या खाली आलेल्या. मला ती पहिल्यांदाच दिसल्यासारखी वाटली.

"मला कधी सांगितलं न्हाईस," मी म्हणालो.

"तुमाला टाइम कुठं व्हता?" ती म्हणाली. रागानं नव्हे. उठली, हात साडीला पुसले आणि म्हातारीच्या मागं चालायला लागली.

साडेनऊच्या सुमाराला आम्ही बेटावर पोचलो. लेक किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभी होती. म्हातारीनं घराबाहेरच्या नळाखाली आमचे पाय धुतले, आधी हिचे, मग माझे. मी नको नको म्हणत होतो, पण तिनं ऐकलं नाही. मग तिनं आणि हिनं एकमेकींकडं पाहिलं आणि दोघी हसायला लागल्या. कशाला हसतात ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लापशीसारखं काहीतरी गरम तिनं वाडग्यात दिलं. ते खाऊन मी खुर्चीतच झोपलो.

जाग आली तेव्हा दुपार झाली होती, रस्ता बुडाला होता. परसातून हिचा आवाज येत होता. तिनं माहेरी भावाला व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडं संध्याकाळ, मेव्हणे भाताच्या रोपाला पाणी पाजून आलेले. मोबाईल समुद्राकडं धरून ही सांगत होती.

"ह्ये सगळं सकाळी कोरडं व्हतं दादा. म्या चालत आले ह्येच्यातनं."

"मग आता भरलं कसं? पाऊस झाला?"

"न्हाई रं, पाऊस कुठला! आपलं आपनच भरतंय. रोज दोनदा."

"रोज? मग एवडं पानी सोडत्यात तरी कुठं?"

"सोडत न्हाईत कुनी. जातंय आन येतंय."

मेव्हण्यांनी तोंड मोबाईलच्या अगदी जवळ आणलं. मग मेव्हणे म्हणाले, "तायडे, तुला बरं हाय न्हवं?"

"आरं मला लई बरं हाय," ही म्हणाली आणि परत पहिल्यापासून सांगायला लागली. फलकापासून, वाळूपासून, त्या गाणाऱ्या जनावरांपासून. प्रत्येक गोष्टीगणिक तिचा आवाज थोडा आणखी चढत होता. मी दारात उभा राहून ऐकत होतो. वारा जोराचा होता, पण मला आत जावंसं वाटेना.